किती चुकलं तर चालेल?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात ब विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला अर्धा तास दिलाय, आणि त्यानंतर जेवण आहे. म्हणजे माझी वेळ पाळली जाणार याची काळजी तुम्हीच घ्याल! ‘इंजिनिअरांचं गणित’ असा विषय नोटीस बोर्डावर लागला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी मला विचारलं, “भाऊजी, आम्हाला कळेल ना?” मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही चाळीस माणसांच्या भाताला पाणी अंदाजाने घालता आणि भात मोकळा होतो. मी जे सांगणार आहे ते तुम्हाला आधीच येतंय. मला शिकायला चाळीस वर्षं लागली.”

नोकरीची माझी निम्मी वर्षं कारखान्यात गेली आणि निम्मी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवण्यात. मुलं दरवर्षी एकच प्रश्न विचारायची : “सर, हे नेमकं उत्तर आहे का?” मी त्यांना उलट विचारायचो : “किती चुकलं तर चालेल, ते आधी सांग.” शाळेतल्या गणितात उत्तर एक तर बरोबर असतं, नाही तर चूक. शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर वापरतात त्या गणितात उत्तर नेहमीच थोडं चुकलेलं असतं. तिथे कसब असतं ते काय सोडून द्यायचं हे ओळखण्यात, आणि सोडून दिलेल्याची किंमत किती, हे सांगता येण्यात. आज एवढं एकच सांगायचंय. त्यासाठी लांब जायला नको, आपल्या बागेतला झोपाळा पुरेसा आहे.

झोपाळा आणि किलोग्रॅम

बाळगोपाळांनो, एक प्रश्न. झोपाळ्यावर आजोबा बसले, वजन ८० किलो. मग नातू बसला, वजन २० किलो. पुढे जाऊन परत मागे यायला, म्हणजे एका पूर्ण झोक्याला, कोणाला जास्त वेळ लागेल?

बघा, मोठी माणसंही कुजबुजायला लागली!

आता सूत्र न वापरता उत्तर काढू. झोक्याचा वेळ कशाकशावर अवलंबून असू शकतो? साखळीची लांबी, ती मीटरमध्ये. बसणाऱ्याचं वजन, ते किलोमध्ये. आणि पृथ्वीची ओढ, ती ९.८ मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. आपल्याला उत्तर हवंय सेकंदात. लांबीला ओढीने भागलं की मीटरला मीटर जातो आणि उरतो सेकंदाचा वर्ग. त्याचं वर्गमूळ घेतलं की सेकंद मिळाला. पण किलोचं काय? त्याला कापायला दुसरा किलो कुठेच नाही. म्हणजे वजन उत्तरात येऊच शकत नाही. आजोबा आणि नातू, दोघांना सारखाच वेळ.

याला मितींचं विश्लेषण म्हणतात. मोठमोठ्या प्रयोगशाळांत पहिली चाळणी हीच लावतात. आपल्या स्वयंपाकघरातही ही चाळणी असतेच. “दोन वाट्या अधिक दहा मिनिटं किती?” असं कोणी विचारलं तर तुम्ही हसाल. पण कागदावर मोठं समीकरण असलं की शिकलेली माणसंसुद्धा हीच बेरीज करून मोकळी होतात.

आपल्या झोपाळ्याची साखळी साधारण दोन मीटरची आहे. २ भागिले ९.८, त्याचं वर्गमूळ, गुणिले ६.२८. उत्तर येतं २.८४ सेकंद. म्हणजे दहा झोक्यांना साधारण २८ सेकंद. उद्या सकाळी मोबाइलवर मोजून बघा. पाय मारायचे नाहीत, नुसतं झुलू द्यायचं. आता हा ६.२८ आला कुठून? तो मात्र मितींच्या चाळणीतून मिळत नाही, त्याला खरं गणित करावं लागतं. चाळणी खडे काढून देते, भात शिजवून देत नाही.

सोडलेलं किती महाग पडलं?

हे सूत्र लिहिताना आपण एक गोष्ट गुपचूप सोडून दिली. झोका किती उंच घेतला, तो कोन. कॉलेजातल्या पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, “कोन लहान असेल तर.” मुलं ते वाचत नाहीत. पण लहान म्हणजे किती?

इथे दुसरी रीत कामाला येते. आधी सोपं उत्तर काढायचं आणि मग त्याला एक दुरुस्ती जोडायची. झोक्यासाठी ही दुरुस्ती अगदी सुटसुटीत आहे : कोन रेडियनमध्ये घ्या, वर्ग करा, १६ ने भागा. एक रेडियन म्हणजे साधारण ५७ अंश. हळू झुललात, दोन्ही बाजूंना २० अंशांपर्यंत, तर वेळ जेमतेम ०.८ टक्क्याने वाढतो. हाताने घड्याळ दाबताना त्याहून जास्त चूक होते, म्हणून कोन सोडला तरी बिघडत नाही. पण अ विंगमधली काही वीर मंडळी झोका ६० अंशांपर्यंत नेतात. (हो, गॅलरीतून दिसतं!) तिथे ही दुरुस्ती ६.९ टक्के सांगते, आणि पूर्ण हिशेब केला तर ७.३ टक्के येतात. एका ओळीच्या दुरुस्तीने जवळजवळ सगळं काम झालं. उरलेल्या ०.४ टक्क्यासाठी चार पानं आकडेमोड करायची की नाही, हे तुमचं काम काय आहे त्यावर ठरवायचं.

ही रीत परदेशातून आली असं कोणाला वाटत असेल तर सांगतो. चौदाव्या-पंधराव्या शतकात केरळात संगमग्रामचा माधव नावाचा गणिती होऊन गेला. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर, म्हणजे आपला ‘पाय’, काढण्यासाठी त्याच्या परंपरेत एक मालिका वापरली जाई : एक, वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश, वजा एक सप्तमांश, असं पुढे पुढे जायचं आणि शेवटी चारने गुणायचं. मालिका दिसायला सुंदर, पण अतिशय मंद. पाच पदं घेतली तर उत्तर येतं ३.३३९७. खरं आहे ३.१४१६. दोन दशांश स्थळं धड मिळवायची तर शेकडो पदं लागतात.

मग त्यांनी काय केलं? नुसती पदं वाढवत बसले नाहीत. जिथे थांबलो तिथून पुढचं जे राहिलं ते साधारण किती असेल, हे शोधलं. पाच पदांवर थांबलात तर पाचाचा एक भाग, म्हणजे ०.२, वजा करा. उत्तर झालं ३.१३९७. त्याहून बारीक दुरुस्तीही त्यांनी दिली आहे : २० भागिले १०१ वजा करा. मग येतं ३.१४१६६. पाच पदांत! सोळाव्या शतकातल्या ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात ही मालिका आणि तिच्या दुरुस्त्या उपपत्तीसह दिल्या आहेत. हिशेब अर्धवट सोडायचा, पण अर्धवट सोडलेला भाग किती मोठा आहे ते जाणून सोडायचा, असं हे गणित आहे.

माझा हात वर होता

आता एक गोष्ट सांगतो. ती इतिवृत्तात नाही, पण पंचवीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर ती सुटता कामा नये.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पाण्याची ओरड झाली, ते तुम्हाला आठवत असेल. एक दिवसाआड पाणी, टँकरचे भाव, जिन्यात भांडणं. वार्षिक सभेत ठराव आला की गच्चीवर दहा-दहा हजार लिटरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या बसवाव्यात. दुकानदाराचं कोटेशन हातात होतं, सवलत त्या महिन्यापुरतीच होती. कोणीतरी म्हणालं, “रिकामी टाकी दोघं जण उचलतात, कसलं वजन!” ठराव मताला टाकला. सगळे हात वर झाले. माझाही.

मंडळी, त्या सभेत अख्खं आयुष्य आकडेमोडीत घालवलेला माणूस मीच होतो. सगळ्यांना वाटलं, हे काही बोलत नाहीत म्हणजे ठीकच असणार. आणि मला वाटलं, कोणीतरी बघितलंच असेल. शिवाय खरं सांगायचं तर मला घरी जाऊन मॅच बघायची होती.

रात्री पाणी प्यायला उठलो आणि हातातल्या तांब्याकडे बघून झोप उडाली. टेबलावर एक लग्नपत्रिका होती, तिच्या पाठीवर हिशेब केला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन. एका टाकीत. ते पसरणार किती जागेवर? टाकीची उंची साधारण २.४ मीटर. पाण्याचा एक मीटर उंच थर दर चौरस मीटरवर १,००० किलो भार टाकतो, टाकी रुंद असो की अरुंद. म्हणजे टाकीखाली दर चौरस मीटरला २,४०० किलो. आणि माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आपल्याकडच्या मानकांत धरतात दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास.

२,४०० आणि १५०. सोळापट.

इथे बारकाव्याची गरजच नव्हती. टाकी २.४ ऐवजी २.२ मीटर उंच असेल, काँक्रीट जरा जास्त चांगलं असेल, तुळई जवळ असेल, कंत्राटदाराने पुण्य म्हणून एक सळई जास्त टाकली असेल. इंजिनिअर हिशेबात सुरक्षेसाठी जादा धरून ठेवतात, तेही खरं. पण तो जादा भाग दीडपट-दुपटीच्या घरातला असतो, सोळापट कोणी धरत नाही. उत्तर एवढं दूर असलं की नेमकेपणाला अर्थ राहत नाही. बारीक गणितं लागतात ती उत्तर काठावर असताना. त्या रात्री काठ कुठल्या कुठे मागे राहिला होता.

टाक्या ठेवायच्या होत्या त्या जागेच्या खाली कोणाची खोली आहे ते मला माहीत होतं. त्या खोलीत दोन मुलं झोपायची. ती दोघंही आज इथे बसली आहेत. आता मोठी झाली आहेत.

पहाटे साडेपाचला मी तेव्हाच्या अध्यक्षांचं दार वाजवलं. ते घाबरले, त्यांना वाटलं कोणीतरी गेलं. पत्रिका हातात दिली. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “काल का नाही बोललात?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑर्डर थांबवली, स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं, आणि त्यांच्या सल्ल्याने जादा साठा जमिनीखाली, पार्किंगच्या कडेला केला. तेव्हा ‘निर्णय बदलला’ एवढंच सगळ्यांना कळलं. कारण आज सांगितलं.

आणखी एक आकडा त्याच पत्रिकेवर होता. आपले ४८ फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर १९२. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे रोजची गरज जवळजवळ २६ हजार लिटर. दोन टाक्या मिळून २० हजार. एवढा धोका पत्करून आपण एक दिवससुद्धा विकत घेत नव्हतो. हा गुणाकार चौथीतलं मूल करील. सभेत पन्नास माणसं होती. कोणी केला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की तो दुसऱ्याने केला असणार.

लहान, पण साठत जाणारं

मोठ्या गोष्टी ओळखायच्या आणि लहान सोडून द्यायच्या, एवढंच शिकलात तर मात्र एक धोका उरतो. काही लहान गोष्टी साठत जातात.

ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ साली लंबकाचं घड्याळ तयार केलं. लंबक म्हणजे झोपाळ्याचाच भाऊ. समजा, घड्याळ लहान कोनाच्या सूत्रावर बेतलं आणि लंबक दोन्ही बाजूंना १० अंशांपर्यंत झुलत राहिला. चूक किती? ०.१९ टक्का. एका झोक्यात कोणाच्या बापाला कळणार नाही! पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात. दिवसाला पावणेतीन मिनिटांच्या आसपास घड्याळ मागे पडणार. महिन्यात जवळजवळ ८२ मिनिटं. हायगेन्सने म्हणूनच असा लंबक शोधला की झोका लहान-मोठा झाला तरी वेळ बदलू नये, आणि त्याचं गणित १६७३ साली ग्रंथात मांडलं. ग्रहांच्या कक्षांचा हिशेब करणाऱ्यांनाही पुढे हाच त्रास झाला. एका वर्षात क्षुल्लक वाटणारी पदं शतकांच्या हिशेबात डोकं वर काढू लागली.

आपल्या घरातलं उदाहरण गळक्या नळाचं. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. दिवसाला ४.३ लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. “एक थेंब तर आहे” हे वाक्य त्या सेकंदापुरतं खरं आहे, वर्षाच्या हिशेबात ते खोटं ठरतं.

आता इमारतीकडे येतो. ती आज पंचवीस वर्षांची झाली. काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि काँक्रीटचा क्षारपणा कमी करत जातो. तो क्षारपणा सळईला गंजापासून जपतो. हे शिरणं किती वेगाने होतं? इथे साधं त्रैराशिक चालत नाही. खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, पंचवीस वर्षांत तो १० मिलिमीटर आत गेला. त्रैराशिक म्हणेल, पन्नास वर्षांत २० मिलिमीटर. वर्गमुळाचा नियम म्हणतो, २० मिलिमीटरला शंभर वर्षं लागतील. कारण जितकं आत जावं तितकी वाट लांब होते.

ऐकून बरं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण याही सूत्राखाली बारीक अक्षरं आहेत : “काँक्रीट धड असेल, भेगा नसतील तर.” भेग पडली की तो दहा-वीस मिलिमीटरचा पहारा बाजूलाच राहतो, हवा आणि पाणी थेट सळईपाशी. सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आतून रेटतो, भेग रुंद होते, आणखी पाणी आत जातं. म्हणजे आधी जे दिवसेंदिवस मंदावत होतं, ते आता दिवसेंदिवस वेग घेतं. चित्र पार उलटं होतं. म्हणून पावसाळ्यात टॉयलेटच्या डक्टमध्ये ओल दिसली की “रंग काढून घेऊ” म्हणू नका. रंगाने भेग दिसेनाशी होते, बुजत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं, आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा. या वर्षीच्या सभेत तो विषय आहे. खर्चाचा आकडा बघून काही जणांच्या कपाळावर आठ्या आल्यात, हे मला लिफ्टमध्ये कळतं. माझी विनंती एवढीच आहे की त्या दिवशी हात वर करण्याआधी, हो म्हणायला असो की नाही म्हणायला, तीन प्रश्न विचारा.

पहिला : एकाच मापातल्या गोष्टींची तुलना होतेय ना? टाकीच्या रिकाम्या वजनाची भरलेल्या गच्चीशी नको, एका वर्षाच्या बचतीची वीस वर्षांच्या खर्चाशी नको.

दुसरा : सगळ्यात मोठा आकडा कोणता, आणि तो पत्रिकेच्या पाठीवर करून बघितला का? मी केला का? शेजाऱ्याने केला असेल, असं नाही.

तिसरा : आपण काय सोडून दिलं, आणि ते साठत जाणारं आहे का?

ऑडिट करणारे इंजिनिअरही हेच करतात, फक्त त्यांच्याकडे हातोडी आणि उपकरणं असतात. तेही नेमकं उत्तर देणार नाहीत. चांगला इंजिनिअर “एवढ्या मर्यादेत” असं सांगतो. जो म्हणेल “काही काळजी करू नका, शंभर टक्के”, त्याला चहा पाजा आणि दुसरा शोधा.

त्या लग्नपत्रिकेचं काय झालं, असं कोणी विचारील. ती मी जपून ठेवली आहे. लग्नाला गेलो होतो, आहेरही केला होता, पण पत्रिका टाकवली नाही. आज ती सोसायटीच्या कपाटात, इतिवृत्ताच्या वहीत ठेवण्यासाठी सेक्रेटरींच्या हातात देतो आहे. पुढच्या कमिटीने कधीतरी उघडून बघावी. अक्षर वाईट आहे, पण गुणाकार बरोबर आहे.

माझा वेळ संपला. तीन मिनिटं जास्त घेतली, म्हणजे दहा टक्के चुकलो. एवढं चालेल ना? पुऱ्या गार व्हायच्या आत उठूया.